सुबक, नामनिर्देशित आकृती

फेब्रुवारी संपता संपता मी ओल्या टॉवेलवर बसून नववीच्या मुलांना समीकरणं शिकवत होते. टॉवेलची चौपदरी घडी करायची, खुर्चीवर अंथरायची आणि वर बसायचं. गारव्याने अर्धा तास बरा जायचा, मग पुन्हा आग सुरू. मुलांना वाटे, बाईंना उकडतं. नागपुरात उकडण्याबद्दल कुणी कुणाला प्रश्न विचारत नाही.

धरमपेठेतल्या आमच्या घराच्या व्हरांड्यात रोज पाच वाजता सात मुलं येतात. मी खापरखेड्याच्या कॉलनीतल्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान आणि गणित शिकवलं. निवृत्त झाले, यजमान गेले, मुलाकडे राहायला आले, तरी शिकवणं सुटलं नाही. एखादी गोष्ट कळली की मुलाच्या कपाळावरची आठी सुटते. ती सुटताना बघायला मी अजून रोज पाचाची वाट बघते.

"बाई, तुमी आज अकरा वेळा उठल्या," भूमिका म्हणाली. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या जिजाबाईची ही नात. "मी मोजलं."

"गणितं किती सोडवलीस ते मोज."

"तीन."

"माझ्याकडे बघत बसलीस म्हणून तीन."

"तुमी उठल्या की फळा झाकते, म्हणून तीन."

मुलं गेल्यावर मी टॉवेल दोरीवर टाकायला गेले, तर तिथे आधीच दोन वाळत होते. जिजाबाई कणीक मळायची थांबून बघत होती.

"तीन तीन टॉवेल रोज ओले काहून होऊन राहिले, बाई?"

"उकडतं."

"मले नका सांगू. मागच्या खेपेलेबी असंच उकडत होतं तुमाले."

मागच्या खेपेला म्हणजे चार वर्षांपूर्वी. तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

खाज त्याच्याही तीन वर्षं आधी सुरू झाली होती. मी औषधाच्या दुकानात जाऊन गजकर्णाचं मलम मागितलं. गजकर्ण म्हटलं की दुकानदार जागा विचारत नाही. एक ट्यूब संपली, दुसरी आणली. मग एका त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांना मांडी दाखवली. मांडीवर थोडं लाल होतं, ते खोटं नव्हतं. खरी जागा चार बोटं पलीकडे होती. त्यांनी मांडीला योग्य ते मलम दिलं. अशी तीन वर्षं गेली. कपड्यांवर रक्ताचे ठिपके दिसू लागले आणि ते सूनबाईने, मुग्धाने, पाहिले, तेव्हा ती मला ओढून स्त्रीरोगाच्या सर्जनकडे घेऊन गेली. तुकडा काढून तपासला. कर्करोग निघाला. पॅजेटचा आजार म्हणतात. बहुतेक वेळा स्तनाग्राच्या कातडीला होतो, फार क्वचित योनीच्या बाहेरच्या कातडीला. माझा दुसऱ्या जातीचा.

ऑपरेशन झालं. उन्मेषने, माझ्या मुलाने, सगळीकडे 'आईचं हर्नियाचं ऑपरेशन' असं सांगितलं. मीही मान डोलावली. शेजारणी भेटायला आल्या की मी पोटावर हात ठेवून कण्हायची. चार महिने मी पोटाला हात लावून चालले. पोटाला काहीही झालेलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर तीन महिन्यांनी तपासायला यायचं, कारण हा परत येतो. पण हर्नियाच्या बाईला दर तीन महिन्यांनी दवाखान्यात कोण नेतं? उन्मेषच्या ऑफिसात, शेजारी, नात्यात प्रत्येक वेळी नवं काही रचावं लागायचं. एका तपासणीला गेले तर आमच्या डॉक्टर रजेवर होत्या आणि एक तरुण मुलगा बसलेला. "काही त्रास?" त्याने विचारलं. "काही नाही, सगळं ठीक," म्हणाले आणि टेबलावर न चढता घरी आले. पुढची तपासणी टाळली. त्याच्या पुढचीही.

मुलं चूक करतात तेव्हा मी त्यांना ते गणित पाच वेळा लिहायला लावते. दिवाळीनंतर खाज परत आली आणि मी काय केलं? गजकर्णाचं मलम आणलं. त्याच दुकानातून.

जिजाबाईने कणकेचे हात धुतले. "उद्या जाऊ," ती म्हणाली. "मी येतो तुमच्यासंग. पोळ्या मुग्धाताई लाटतीन."

डॉक्टर मेश्राम पन्नाशीच्या आतल्या, बुटक्या, चष्मा डोक्यावर ठेवून शोधणाऱ्या. पहिलं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. माझी फाइल चाळून त्यांनी तारखा बघितल्या आणि काही बोलल्या नाहीत. ते न बोलणं मला ओळखीचं होतं. मी स्वतः वर्गात तसं करते.

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर."

"कुठे?"

"खाली."

"खाली माझ्या चपला आहेत."

त्यांनी तपासलं, मग फाइलमधला एक कोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. "मला लाल दिसतं तेवढं दिसतं. हा आजार दिसतो त्याच्या पलीकडे पसरलेला असतो, कातडीच्या आत, वरून काही कळत नाही. पण तुम्हाला कळू शकतं. कुठे खाजतं, कुठे जळजळतं, कुठे काहीच नाही. काढून दाखवा."

मी हृदय डोळे मिटून काढू शकते. मूत्रपिंड, फुलाचा उभा छेद, बेडकाची पचनसंस्था, काहीही सांगा. पेन हातात घेतलं आणि ते कागदावर टेकेना. मला ती आकृती येत नव्हती.

"घरचा अभ्यास," डॉक्टर म्हणाल्या. "परवा आणा."

रिक्षात जिजाबाई म्हणाली, "काय म्हणे?"

"चित्र काढायला सांगितलं."

"कशाचं?"

मी सांगितलं. रिक्षावाल्याने आरशात बघितलं. जिजाबाई त्याला म्हणाली, "तू समोर पाह्य, गा."

बत्तीस वर्षांत मी दरवर्षी एकदा एक वाक्य म्हणत आले होते. प्रजननाचा धडा आला की फुलांचं पूर्ण शिकवायचं, परागकण, बीजांड, सगळं. माणसांचं आलं की पान उलटायचं आणि म्हणायचं, "हे घरी वाचून घ्या." मागच्या बाकांवर खुसखुस व्हायची. पेपरात 'सुबक, नामनिर्देशित आकृती काढा' असा प्रश्न यायचा, तेव्हा माझा सल्ला ठरलेला होता. हा प्रश्न ऑप्शनला टाका, पचनसंस्थेची काढा. माझ्या हाताखालून किती मुली गेल्या ते मी मोजलेलं नाही. त्या सगळ्यांनी माझ्या सांगण्यावरून स्वतःला ऑप्शनला टाकलं. मीही त्यातलीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. नातीचा, गार्गीचा, मेकअपचा गोल आरसा घेऊन मी न्हाणीघरात गेले आणि कडी लावली. वय एकोणसत्तर. पहिल्यांदा बघत होते. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण आधी राग आला. इतकी वर्षं जी जागा मी कुणाला दाखवली नाही, तिची मलाच माहिती नव्हती. एका बाजूचा भाग मागच्या ऑपरेशनात गेलेला होता, तिथे सरळ फिकट रेघ. दुसऱ्या बाजूला लाल चट्टा, वर पांढरट पापुद्रे. मी बोटाने हळूहळू एकेक जागा दाबत गेले. इथे खाज. इथे आग. इथे काही नाही. इथे चट्टा नाही, कातडी चांगली दिसते, पण आतून मुंगी चावल्यासारखं होतं.

मग टेबलाशी उभी राहून पेन्सिलीला टोक केलं आणि आकृती काढली. फिक्या रेघेने आधी, मग गडद. नावांच्या रेघा पट्टीने, आडव्या, एकीला दुसरी न छेदणाऱ्या, नावं सगळी उजव्या हाताला. मोठे भगोष्ठ. लहान भगोष्ठ. योनिमुख. मूत्रमार्गाचं छिद्र. गुदद्वार. खाजेला ठिपके, जळजळीला तिरप्या रेघा. मुंगीच्या जागेला फुली. खाली शीर्षक घातलं, नाव लिहिलं, प्रेमलता, आणि इयत्ता लिहायची सवय म्हणून तिच्या जागी वय लिहिलं.

डॉक्टर मेश्रामांनी कागद दिव्याखाली धरला.

"आम्हाला शाळेत विज्ञानाच्या बाई हा धडा घरी वाचून या म्हणाल्या होत्या," त्या म्हणाल्या.

"मीसुद्धा तेच म्हणत असे."

"वाचला का कुणी घरी?"

"तुम्ही वाचला?"

"मी अठराव्या वर्षी मेडिकलला गेल्यावर वाचला." त्यांनी फुलीवर बोट ठेवलं. "इथे मला काही दिसलं नव्हतं."

"दिसत नाही. चावतं."

त्यांनी बधिर करून कडेकडेने बारीक तुकडे काढले. घड्याळाच्या तबकडीसारखे आकडे धरायचे, वर बारा, खाली सहा. जिथे लाल होतं त्याच्या बाहेरच्या कडेचे तुकडे, आणि माझ्या फुलीचा एक. फुली सातच्या जागी आली होती. आठ दिवसांनी अहवाल आला. लाल जागेच्या कडांना रोग होता, तो अपेक्षित. आणि सातला होता. चांगल्या दिसणाऱ्या कातडीत.

हा आजार कधी कधी आतल्या दुसऱ्या रोगाचा निरोप घेऊन येतो, म्हणून आतडं, मूत्राशय, गर्भाशय, स्तन सगळं तपासलं. आत काही नव्हतं. "ही चांगली बातमी," डॉक्टर म्हणाल्या. "आज तो वरच्या थरात आहे. हळू पसरतो. पण खालच्या थरात उतरला की गाठींमध्ये जातो, मग माझ्या हातात फार राहत नाही. मोठा भाग काढावा लागेल. मांडीची कातडी काढून तिथे लावू. पाच दिवस पाठीवर पडून राहायचं, लघवीला नळी. दीड महिना बसायचं नाही. सत्तावीस मार्च."

"लिहून घ्या," मी म्हणाले.

अडचण दुसरीच होती. गार्गीचा साखरपुडा सव्वीस एप्रिलला ठरला होता. व्याही नागपूरचेच. मुग्धा गांधीबागेत जाऊन साड्यांचे गठ्ठे आणत होती, उन्मेष पंगतीसाठी आचाऱ्यांशी बोलत होता. आमच्याकडे शुभकार्याला पंगतच, असा त्याचा हट्ट. उभ्याने जेवणं त्याला भिकाऱ्यासारखं वाटतं.

जेवताना मी तारीख सांगितली. उन्मेषने घास खाली ठेवला.

"ते साखरपुड्यानंतर नाही का करता येणार?"

"नाही."

"डॉक्टर तर म्हणाल्या हळू पसरतो."

"हळू पसरतो म्हणाल्या. थांबून राहतो नाही म्हणाल्या."

"आई, लोकांना काय सांगू मी? मुलाची आजी बसलेली असेल, सगळं घर येईल, आणि तू उभी. विचारतील ना."

"मागच्या वेळी काय सांगितलंस?"

त्याने पाण्याचा पेला उचलला. मुग्धा म्हणाली, "आता हर्निया परत आला म्हणून सांगा. तो पण हळू पसरतो." उन्मेष हसला नाही. मी हसले.

मला वाटलं, विषय संपला. चार दिवसांनी सकाळी मला हॉस्पिटलमधून फोन आला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमच्या बारा मेच्या ॲडमिशनचं कन्फर्म करायचं होतं."

"सत्तावीस मार्च."

"ती चेंज केली ना मॅडम. तुमच्या मुलाचा फोन आला होता, पेशंटची घरगुती अडचण आहे म्हणून."

"पेशंट बोलते आहे. पेशंटला काही अडचण नाही. सत्तावीसच लावा."

"ती आता दुसऱ्यांना दिली, मॅडम."

"मग त्याच्या नंतरची पहिली कोणती?"

"तीन एप्रिल."

"तीन एप्रिल लिही. आणि त्याच्यापुढे लिही की यापुढे तारीख फक्त पेशंटच्या आवाजात बदलेल. लिहिलंस? वाचून दाखव."

तिने वाचून दाखवलं. चांगली मुलगी होती.

उन्मेष संध्याकाळी आला तेव्हा मुलं नुकतीच गेली होती, फळ्यावर वर्गसमीकरण तसंच होतं. मी उभीच होते. आता मी बहुतेक उभीच असायची.

"तुझ्यामुळे माझा एक आठवडा गेला," मी म्हणाले.

तो दारात थांबला. पंचेचाळीस वर्षांचा, बँकेत अधिकारी. चेहरा पहिलीतल्यासारखा झाला. "मी तुझ्या भल्यासाठीच... म्हणजे, आई, मला बोलताच येत नाही ते. कुणी विचारलं ना, कशाचा कॅन्सर, तर काय म्हणू मी?"

"तुला येत नाही हे मला कळलं. शिकवलं नाही मी तुला, तो माझा दोष. पण तुला येत नाही म्हणून मी दीड महिना रोग वाढवायचा, हे होणार नाही."

"यमुताईंना तरी निदान..."

"त्यांचा नंबर लाव."

यमुताई म्हणजे विहंगची, होणाऱ्या नातजावयाची आजी. त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. उन्मेष नंबर लावेना. मग मीच लावला आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"बोला प्रेमलताताई," यमुताई म्हणाल्या. पलीकडे टीव्हीवर मालिकेत कुणीतरी रडत होतं.

"माझं तीन एप्रिलला ऑपरेशन आहे."

"अगं बाई. परत हर्निया?"

"हर्निया नव्हता. ते आम्ही खोटं सांगितलं. कर्करोग आहे, कातडीचा. योनीच्या बाहेरच्या भागाला झालाय, मागच्या वेळीही तोच होता. साखरपुड्याला मी येणार आहे, पण बसू शकणार नाही. तिथे कुणी खुर्ची पुढे करू नये म्हणून आधी सांगते आहे."

मालिकेचा आवाज बंद झाला. उन्मेष खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"म्हणजे पंगतीत नाही बसता येणार तुम्हाला," यमुताई म्हणाल्या.

"नाही."

"मग मीही नाही बसत. माझे गुडघे वर्षभर वाकून नाही राहिले. पण उन्मेषराव पंगतीचंच धरून बसले, म्हणून मी आपली गप्प होती. बफे ठेवू या का? तुमची हरकत नसेल तर."

"माझी कशाला असेल?"

"उन्मेषरावांना समजावाल का?"

"ते ऐकताहेत."

"नमस्कार, उन्मेषराव," यमुताई म्हणाल्या. उन्मेषने खिडकीकडे बघतच नमस्कार केला. मग पलीकडचा आवाज खाली आला. "प्रेमलताताई, त्याला खाज असते का हो? खूप दिवस?"

"असते. प्रत्येक खाज तीच नसते, पण तपासल्याशिवाय कळत नाही."

"मग ऑपरेशन होऊन जाऊ द्या तुमचं, नंतर तुमच्या डॉक्टरांचं नाव द्या मला. माझ्या जावेला हवंय."

"नंतर नाही. कागद घ्या, आत्ता लिहा."

त्यांनी लिहिलं. कोणती जाऊ, ते मी विचारलं नाही.

फोन ठेवल्यावर उन्मेष म्हणाला, "आचाऱ्याला कळवावं लागेल." आणि आत गेला. मी त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा केली होती. एका दिवसात सगळा अभ्यासक्रम कुणाचाच होत नाही.

तीन एप्रिलला भरती होताना खिडकीतल्या माणसाने विचारलं, "कशाचं ऑपरेशन?" फॉर्म उन्मेष भरत होता. त्याचा पेन थांबला. "स्किनचं," तो म्हणाला. हर्नियापेक्षा बरं. मी मनात दहापैकी चार दिले.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर मेश्राम माझी आकृती हातात घेऊन आल्या. त्यांनी निळ्या शाईने माझ्या अंगावर रेघ आखली, लाल चट्ट्यापासून दोन बोटं दूर, आणि सातच्या जागी आणखी बाहेर. "तुमच्या फुलीला वळसा घालून जाते," त्या म्हणाल्या. त्यानंतरचं मला आठवत नाही.

नंतरचे पाच दिवस सोपे होते असं मी म्हणणार नाही. पाय फाकवून, गुडघ्यांखाली उशा घालून, छताकडे बघत. कातडी जिथून काढली ती मांडी, जिथे लावली त्या जागेपेक्षा जास्त दुखते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुग्धा रात्रंदिवस होती. तिसऱ्या दिवशी जिजाबाई मुलांच्या वह्या घेऊन आली.

"काहून आणल्या?" नर्स म्हणाली. "आराम करू द्या त्यांना."

"हेच आराम हाय त्यांचा," जिजाबाई म्हणाली.

पाठीवर पडून वर धरलेल्या वहीत बॉलपेन चालत नाही. शाई उलटी उतरते. म्हणून मी पेन्सिलीने तपासल्या. भूमिकाने दहातली नऊ बरोबर सोडवली होती आणि शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'आता फळा दिसतो पण बाई दिसत नाही.' मी खाली लिहिलं, 'दहावं का चुकलं?'

पाचव्या दिवशी पट्टी काढली. नवी कातडी धरली होती, एक कोपरा काळा पडला होता. तो झिजून भरायला पुढे महिना लागला. मी आरसा मागितला. नर्सने डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी आरसा दिला. पूर्वीचं तिथे फारसं काही उरलं नव्हतं. माझ्या आकृतीतल्या दोन नावांना आता रेघ कुठे लावायची, असा प्रश्न पडला. मी बराच वेळ बघितलं. रडले का? थोडी रडले. मग डॉक्टरांना म्हटलं, "टाके सरळ आहेत."

"तुमच्या रेघांइतके नाहीत."

अहवाल दोन आठवड्यांनी आला. खालचा थर मोकळा होता. सगळ्या कडा मोकळ्या होत्या. फक्त सातच्या बाजूला रोग आणि कड यांच्यात दोन मिलिमीटर अंतर होतं.

"माझी फुली नसती तर?"

"तर तिथे मी कापलं नसतं. रोग आतच राहिला असता." डॉक्टरांनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला. "पण आता गेला असं मी म्हणणार नाही, बाई. हा परत येऊ शकतो. तिसऱ्यांदाही."

"आला तर परत काढा."

"आणि तुम्ही?"

"मी परत आकृती आणेन. आणि यावेळी तुमच्या जागी कुणीही बसलेलं असलं तरी टेबलावर चढेन."

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी लाल शाईने तारखा घातल्या. जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. प्रत्येकीपुढे 'कर्करोगाची तपासणी' असं पूर्ण लिहिलं. गॅसचा माणूस आला तरी दिसेल अशा जागी ते कॅलेंडर आहे.

साखरपुड्याला मी भिंतीला टेकून उभी होते. आमच्या शेजारणीने विचारलंच, "हर्निया कसा आहे?" मी तिला सांगितलं. तिच्या ताटलीतला गुलाबजाम गडगडला. पण थोड्या वेळाने ती परत आली आणि माझ्याशेजारी उभी राहून जेवली, बराच वेळ, हळू आवाजात बरंच काही विचारत. यमुताई स्टुलावर बसून सगळ्यांना वाढायच्या सूचना देत होत्या. पंगत नसल्याचं उन्मेषखेरीज कुणालाच दुःख नव्हतं.

जूनच्या शेवटी शाळा उघडल्या आणि माझी मुलं दहावीत गेली. मी सातही घरी चिठ्ठी पाठवली. 'सोमवारी मानवी प्रजननाचा धडा आकृतीसह शिकवणार आहे. सोमवारी ज्यांना पाठवायचं नसेल त्यांनी पाठवू नये. त्यांच्यासाठी मी मंगळवारी तोच धडा परत शिकवीन.'

एका मुलीचे वडील, बाबाराव, रविवारी आले. चपला काढून व्हरांड्याच्या पायरीवर उभे राहिले.

"मॅडम, चिठ्ठी भेटली. म्हणजे, पोरं-पोरी एका जागी बसून हे..."

"शाळेत काय सांगतात?"

"घरी वाचा म्हणतात."

"मग घरी तुम्ही शिकवता का?"

त्यांनी चपलांकडे बघितलं. "नाही."

"तिची आई?"

"नाही जी."

"मग पाठवा उद्या. पेन्सिल आणि पट्टी द्या बरोबर."

सोमवारी सातही आली. बाबारावांची मुलगी सगळ्यात आधी. मी आता वीस मिनिटं बसू शकत होते, पण त्या दिवशी बसले नाही. फळा ओल्या फडक्याने पुसला, वाळू दिला. मागे कुणीतरी खुसखुसलं. मी वळले नाही. फिक्या रेघेने बाहेरची कड आखली, मग आतली. नावांच्या रेघा पट्टीने, आडव्या. प्रत्येक नाव मी मोठ्याने म्हणाले आणि त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. पहिल्या नावाला दोन आवाज आले, तिसऱ्याला पाच, शेवटच्याला सात. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं.

भूमिकाने हात वर केला. "बाई, तुमाले झालं ते कुठं झालं होतं?"

खुसखुस थांबली. मी खडूचं टोक फळ्यावर ठेवलं.

"इथून इथपर्यंत. आणि एक इथे, जिथे दिसत नव्हतं." सातच्या जागी मी फुली मारली. "डॉक्टरांना दिसलं नव्हतं. मला कळलं होतं. पण मला हे नाव माहीत असून तोंडातून येत नव्हतं, म्हणून सात वर्षांत दोनदा उशीर झाला. तुम्हाला होणार नाही."

"परत होईन काय तुमाले?"

"होऊ शकतं. जुलैत दाखवायला जायचं आहे."

"मग?"

"मग तू तोपर्यंत ही आकृती पाठ कर, मी आले की विचारणार आहे. वह्या काढा. सुबक काढायची. पेन्सिलीला आधी टोक करा."